शीघ्र हस्तक्षेप आणि विशेष शिक्षणाची मागणी सरकारकडे कशी करायची? खानदेशातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले पालक, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक गेली काही वर्षं आमच्या पालकगटाला जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. उत्तरं लिहिणारी मी स्वतः एका ऐकू न येणाऱ्या मुलीची आई आहे.

१. पोरगं दोन वर्षांचं झालं, बोलत नाही. घरातले म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला. थांबू का?

थांबू नका. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो, अनेकदा अहिराणीत: "मना पोऱ्या बोलस नई." आधी कान तपासा. सगळी न बोलणारी मुलं बहिरी नसतात, पण न बोलण्याचं ते एक कारण असू शकतं आणि ते लवकर कळलं तर फार फरक पडतो.

घरी ताट वाजवून बघण्यावर विसंबू नका. आम्ही तेच केलं. मागून ताट वाजवलं, लेक वळली, आम्ही निर्धास्त झालो. ती वळत होती सावलीमुळे, आणि फरशीला बसलेल्या हादऱ्यामुळे. एका डॉक्टरांनी "पाच वर्षांपर्यंत वाट बघा" असं सांगितलं. बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे यंत्राने बघतात ती) झाली तेव्हा ती तीन वर्षांची होऊन गेली होती. ही तपासणी बाळ महिन्या-दोन महिन्यांचं असतानाही करता येते.

तपासणीला न्यायच्या ढोबळ खुणा अशा: वर्षाचं झालं तरी बडबड नाही, दीड वर्षाचं झालं तरी आधाराशिवाय चालत नाही, दोन वर्षांचं झालं तरी "आई, पाणी" असे दोन शब्द जोडत नाही. आलेलं बोलणं किंवा चालणं कुठल्याही वयात मागे गेलं, तर त्याच आठवड्यात दाखवा.

२. शीघ्र हस्तक्षेप म्हणजे नेमकं काय? त्याचं औषध असतं का?

बहुतेक वेळा औषध नसतं, सराव असतो. वाचा-उपचार, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं करायला शिकवणं), श्रवणयंत्र लावून ऐकण्याचं प्रशिक्षण, आणि मुख्य म्हणजे आईबापांना घरी काय करायचं ते शिकवणं. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत, त्यातही पहिली तीन वर्षं, मेंदू नव्या जोडण्या फार वेगाने तयार करतो. तेव्हा केलेल्या सरावाचा उपयोग जास्त होतो. सहाव्या वर्षी सुरू केलं तरी उपयोग होतोच, पण कष्ट वाढतात. खाजगी थेरपिस्टकडे जात असाल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारा. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची नोंदणी मात्र वेगळ्या परिषदेकडे असते.

३. सरकारी सोय काय आहे? पैसे लागतात का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. त्यांना शंका आली तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. लोक त्याला "डीईआयसी" म्हणतात, आणि ते जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं.

कागदावरची ही रचना चांगली आहे. अडतं ते "पाठवतात" या शब्दापाशी. चिठ्ठी मिळाली म्हणजे मूल केंद्रात पोचलं असं होत नाही. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला जाऊन यायला अख्खा दिवस जातो. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर कुणी निघूच शकत नाही. थेरपी आठवड्याला लागते, आणि आठवड्याला एक मजुरी सोडणं बहुतेक घरांना परवडत नाही.

४. माझ्या मुलाला थेरपी मिळाली की झालं. धोरण वगैरे आम्ही कशाला बघायचं?

कारण आज मिळालेली थेरपी उद्या बंद होऊ शकते, आणि बंद झाली तर जाब विचारायला तुमच्या हातात फार काही नसतं. हे जरा सविस्तर सांगते.

घटनेच्या कलम २१-क ने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो ६ ते १४ वयाला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तोही सहापासूनच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधलं मोफत शिक्षणाचं कलम ३१ आहे ६ ते १८ वयासाठी. मग सहाच्या आत काय? घटनेच्या कलम ४५ मध्ये लिहिलंय की सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपनासाठी आणि शिक्षणासाठी राज्य प्रयत्न करील. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारावर कोर्टात हक्क म्हणून भांडता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही तीन ते सहाच्या पूर्वप्राथमिकसाठी सरकार व्यवस्था करू शकेल, एवढंच म्हटलंय.

म्हणजे मदतीचा सर्वांत जास्त उपयोग ज्या वयात होतो, ते वय कायद्याने योजनेवर सोडलंय. योजनेचे पैसे कमी झाले, वाचा-उपचार तज्ज्ञाची कंत्राटी जागा रिकामी राहिली, की मूल सहाचं होईपर्यंत सगळे हात वर करतात. म्हणून आमच्या गटाची पहिली मागणी ही आहे: जन्मापासून सहापर्यंतच्या मुलाला ठरावीक मुदतीत तपासणी आणि त्यानंतर नियमित थेरपी हा हक्क म्हणून कायद्यात लिहावा. तो लिहून होईपर्यंत आहे त्या योजनेतून जिल्ह्यात पदं भरून घ्यायची, हे रोजचं काम.

५. मग आत्ता कायद्यातलं काय धरून बोलता येईल?

पुष्कळ काही. २०१६ च्या कायद्यात कलम १६ सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकतं. कलम १७ सांगतं की शाळकरी दिव्यांग मुलं शोधण्यासाठी दर पाच वर्षांनी पाहणी करा. कलम २५ मध्ये धोक्यातली मुलं ओळखण्यासाठी सगळ्या बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी सांगितली आहे, आणि त्यात सहा वर्षांची अट नाही. सहाच्या आतल्या मुलासाठी आमच्या हातातलं सगळ्यात मजबूत कलम हेच.

शाळेतल्या विशेष शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं. तुमच्या तालुक्यातल्या अशा प्राथमिकच्या मुलांच्या आकड्याला दहाने, पुढच्या वर्गांतल्या मुलांच्या आकड्याला पंधराने भागा आणि किती शिक्षक हवेत ते अर्जात लिहा. आकडा लिहिला की समोरच्याला आकड्यातच उत्तर द्यावं लागतं.

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. मुलींना महिना २०० रुपये, वर्षाचे १० महिने, प्रोत्साहन भत्ता वेगळा.

६. जायचं कुणाकडे? प्रत्येक जण दुसऱ्या ऑफिसला पाठवतो.

हा त्रास खरा आहे, आणि त्याचं कारण रचनेत आहे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. तपासणी पथक आरोग्याचं. सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षणाच्या. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या (हा स्वतंत्र विभाग राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये केला). आश्रमशाळा आदिवासी विकासच्या, म्हणजे यावल, धुळे, नंदुरबार किंवा तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयाकडे. एकच मूल सहा वर्षांत तीन-चार खात्यांतून जातं आणि त्याची फाइल कुठल्याच खात्यातून पुढच्या खात्यात जात नाही.

आम्ही एक पद्धत ठेवली आहे. मुख्य अर्ज जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, कारण अंगणवाड्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा दोन्ही त्यांच्या हाताखाली येतात. प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, आश्रमशाळेचं मूल असेल तर प्रकल्प अधिकाऱ्यांना. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे खात्याखात्यांत टोलवाटोलवी सुरू झाली तर सगळ्यांना एका बैठकीत बसवायला कुणीतरी असतं. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा.

७. अर्जात काय लिहायचं? आम्हाला तसं लिहिता येत नाही.

साधं लिहा. "दिव्यांग मुलांकडे लक्ष द्यावे" हे वाक्य आजवर कुणीच नाकारलेलं नाही, आणि त्याने काही हललंही नाही. कोण, कुठे, किती, कधीपर्यंत, एवढं आलं पाहिजे. आमच्या एका अर्जातला मजकूर असा होता, हवा तर उतरवून घ्या:

"आमच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात दर आठवड्याला ठरलेल्या एका वारी वाचा-उपचार तज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट उपलब्ध करावेत. तो वार शक्यतो आठवडे बाजाराचा असावा. तपासणीत संशयित आढळलेल्या प्रत्येक बालकाची पहिली थेरपी ३० दिवसांत सुरू व्हावी. केंद्रात येणाऱ्या बालकासोबतच्या एका पालकाचा प्रवासखर्च द्यावा."

बाजाराच्या वाराची सूचना एका आजीची. त्या दिवशी घरातलं कुणीतरी तालुक्याला येतंच, वेगळी मजुरी बुडत नाही. ३० दिवस हा आकडा कायद्यातला नाही, आम्ही मागितलेला आहे, तेव्हा तो मागणी म्हणूनच लिहा.

८. अर्ज कधी दिला तर उपयोग होतो?

पावसाळ्यात. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो, तेव्हा पैसे आधीच वाटले गेलेले असतात. पुढच्या वर्षाचे प्रस्ताव खात्यांतून त्याआधी कित्येक महिने निघतात. १५ ऑगस्टची ग्रामसभा गाठा, नाहीतर २ ऑक्टोबरची. तालुक्याचा आणि जिल्ह्याचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्या. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री अध्यक्ष असतात. बैठकीच्या आधी तुमच्या भागातल्या सदस्याच्या हातात एक पानाचा अर्ज द्या, जास्त पानं कुणी वाचत नाही.

९. आकडे आम्हाला कोण देणार?

माहिती अधिकार. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा इतिहास लिहू नका. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जा.

विचारण्याजोगं: गेल्या वर्षी तालुक्यात किती बालकं तपासली, किती जिल्हा केंद्रात पाठवली, किती प्रत्यक्ष पोचली. थेरपिस्टची मंजूर पदं किती, भरलेली किती. दुसऱ्या अर्जात, शिक्षण विभागाला: कलम १७ ची पाहणी शेवटची कधी झाली. "पाठवली" आणि "पोचली" यांतला फरक मिळाला की प्रश्न ७ मधला अर्ज निम्मा लिहून झाला. पहिल्या आकड्यांवर विश्वास ठेवा, पण अंगणवाडी सेविकेशीही बोला. कोण गेलं नाही आणि का, हे तिला नावानिशी माहीत असतं.

१०. आमच्या गावात असं एकच मूल आहे. ग्रामपंचायत काय करणार?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते वर्षाअखेर सगळ्यांना सारखे वाटून टाकतात. तसं वाटण्यापेक्षा केंद्रापर्यंतच्या प्रवासखर्चाला, किंवा अंगणवाडीत बसायच्या खास खुर्चीला वापरा असा ठराव मांडा. अक्कलकुवा, अक्राणीसारख्या पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) गावांना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधीही, म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचं असा पैसा, थेट मिळतो, तिथे ग्रामसभेचा शब्द आणखी वजनाचा. एकट्या मुलाच्या आईने एकटीने उठून बोलणं जड जातं. आशाताईंना शेजारी बसवा.

११. आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, होळीला परततो. पथक येऊन जातं, आमचं मूल नसतंच. शिवाय आम्ही पावरी बोलतो.

या दोन्ही गोष्टी सातपुड्यात वर्षानुवर्षं निसटतायत. मागणी अशी करा: अंगणवाडीच्या दोन फेऱ्यांपैकी एक दिवाळीआधी, दुसरी होळीनंतर. भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजारांच्या दिवसांत सगळं कुटुंब गावी असतं, तेव्हा आरोग्य पथकाचा एक तंबू तिथे लागला तर जितकी मुलं भेटतील तितकी एरवी महिन्यात भेटणार नाहीत.

भाषेचं मला फार वाटतं. प्रमाण मराठीत "बाहुली दाखव" म्हटल्यावर पावरी, मावची किंवा अहिराणी घरातलं मूल गप्प बसलं, तर ते मागे आहे असा शेरा पडतो. उलटही होतं: खरंच उशीर असलेल्या मुलाला "त्याला मराठी कळत नाही" म्हणून सोडून देतात. चाचणीच्या सूचना मुलाच्या बोलीत द्याव्यात, सोबत त्या बोलीतली सेविका असावी, आणि कुठल्या भाषेत तपासलं हे कागदावर लिहावं. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

१२. मुलाला सिकलसेल आहे. तो दिव्यांगात धरतात का?

हो. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आहेत. हे नंदुरबारमधल्या कित्येक पालकांना अजून कुणी सांगितलेलं नाही. दिव्यांग ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) अर्ज त्याच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइनच करावा लागतो. शाळेकडून मागायच्या गोष्टी मात्र वेगळ्या: दुखण्याच्या दिवसांची गैरहजेरी माफ, वर्गात पाण्याची बाटली, थंडीत मैदानातून सूट.

१३. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ३० टक्केच आलं. दुसऱ्याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) आहे, तो यादीतच नाही. आता?

४० टक्क्यांची अट आरक्षणाला, कलम ३१ ला आणि बऱ्याच सवलतींना लागते. कलम १६ मधल्या समावेशक शिक्षणाला ती अट नाही, तेव्हा ३० टक्क्यांच्या मुलालाही वर्गात मदत मागता येते. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, मुदत संपायच्या आधी पुन्हा तपासणी करून घ्या.

एडीएचडी स्वतंत्र प्रकार म्हणून २१ मध्ये नाही. त्याच्यासोबत अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता असेल तर त्यांची तपासणी मागा. एकटं एडीएचडी असेल तर प्रमाणपत्राशिवाय शाळेशी बोलावं लागतं. यादी बदलायला हवी ही मागणी आमच्या निवेदनात असते.

१४. मुख्याध्यापक म्हणतात, याला विशेष शाळेत टाका. टाकू का?

कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, यांतली निवड करता येते. ती निवड तुमची, मुख्याध्यापकांची नाही. माझी लेक तीन वर्षं कर्णबधिर शाळेत होती, नंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. दोन्ही वेळा आमचा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. तुम्हाला प्रवेश नाकारला तर नकार लेखी मागा. लेखी म्हटल्यावर बरेच नकार मावळतात. नाही मावळला तर तो कागद प्रश्न १६ मध्ये लागेल. अतितीव्र किंवा बहुविकलांग मुलासाठी शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिक्षणाचा पर्यायही दिलाय. शाळा तो सोयीसाठी पुढे करत असेल तर मान्य करू नका.

१५. मुलाचा फोटो, व्हिडिओ टाकला तर लवकर काम होईल का?

कधी कधी होतं, एका मुलाचं. ते मूल मोठं झाल्यावरही तो व्हिडिओ फिरत राहतो. आम्ही अर्जात वय, गाव आणि गरज एवढंच लिहितो. नाव आणि चेहरा नाही.

१६. अर्ज देऊन तीन महिने झाले, उत्तरच नाही. वर कुठे जायचं?

एकेक पायरी चढा. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. जिल्ह्याला जाताना आधीच्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडा. "आपले सरकार" वर तक्रार घातली तर तिचा क्रमांक जपून ठेवा.

त्यापुढे पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. २०१६ च्या कायद्याने त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिलेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांत कारवाई कळवायची असते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणही. आयुक्तांकडे लिहिताना भावना थोड्या आणि तारखा जास्त ठेवा: कधी अर्ज, कुणाला, कुठला आवक क्रमांक, काय उत्तर. आमच्या गटातल्या एका वडिलांनी हे सगळं शाळेच्या वहीच्या एका पानावर तक्त्यात लिहून पाठवलं होतं.

१७. आचारसंहिता लागली म्हणून केंद्र बंद आहे असं सांगतात. खरं का?

आचारसंहितेत नव्या योजना आणि नवे आदेश थांबतात. आधीपासून चालू असलेली तपासणी, थेरपी, शाळेतला विशेष शिक्षक हे थांबत नाही. बंद असेल तर कुठल्या आदेशाने, हे लेखी विचारा. मंडळी मत मागायला दारात येतात तेव्हाच त्यांना प्रश्न ७ मधला अर्ज द्या आणि त्यावर सही घ्या. ती सही निवडणुकीनंतर उपयोगी पडते.

१८. मी जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे. माझंच मूल असेल तर निवेदनावर सही करू का?

स्वतःच्या मुलाच्या सोयीसाठी पालक म्हणून अर्ज करायला अडचण नाही. तिथे पदनाम लिहू नका, "पालक" लिहा. राजकीय पक्षाच्या मंचावरून किंवा त्यांच्या मोर्चात मात्र जाऊ नका, सेवेचे वर्तणूक नियम आड येतात. आणि बाई, तुमच्या वर्गात जी मुलं मागे बसतायत, त्यांची यादी तुमच्याचकडे आहे. गट साधन केंद्राला ती लेखी पाठवणं हे तुमच्या कामातच मोडतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.